वाड्याच्या दारावरचा जुना ऑइलपेंट काढताय? आधी हे वाचा. सागवानही वाचेल आणि घरातली मुलेही

दिल्लीतील नव्या संसद भवनाचे २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा त्यातील सागवान नागपूरहून गेल्याची चर्चा विदर्भात अभिमानाने झाली. त्याआधी दोनच महिने, मार्च २०२३मध्ये, अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान मिरवणुकीने रवाना झाले होते. देशभर नाव असलेले हे लाकूड नागपुरातील महाल भागात मात्र अनेक घरांत असूनही दिसत नाही. जुन्या वाड्यांचे दरवाजे, चौकटी, खांब आणि तुळया ऑइलपेंटच्या थरांखाली झाकल्या गेल्या आहेत. चॉकलेटी थराखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, त्याखाली आणखी एक.

हल्ली हे थर काढून मूळ लाकूड उघडे करण्याकडे कल वाढला आहे. कुणाला वाडा दुरुस्त करायचा असतो, कुणाला पाडलेल्या वाड्याचे दार नव्या फ्लॅटमध्ये बसवायचे असते. पण रंग काढण्याच्या घाईत दोन गोष्टी हमखास बिघडतात. कोरीव काम कायमचे बोथट होते आणि जुन्या रंगातील शिसे धुळीच्या रूपाने घरभर पसरते. पहिले नुकसान लगेच दिसते. दुसरे दिसतच नाही, म्हणून ते जास्त धोक्याचे. त्यामुळे हात घालण्यापूर्वी काय तपासायचे, कोणती पद्धत कुठे वापरायची आणि कधी रंगाला हातच लावायचा नाही, ते समजून घेऊ.

एवढे थर चढले कसे?

भोसल्यांच्या राजवाड्यांमुळे महालला महाल हे नाव पडले. राजवाड्याभोवती सरदार, मानकरी, कारभारी यांचे वाडे उभे राहिले. बांधकामात दगड-विटांच्या जोडीला सागवान भरपूर होते, कारण चांदा, आलापल्लीची जंगले जवळ होती. सागात स्वतःचे तेल असते. त्यामुळे त्याला वाळवी सहज लागत नाही आणि पावसाळ्यात ते इतर लाकडांइतके फुगत नाही. अशा लाकडाला तेलाचा हात किंवा लाखेचे पॉलिश पुरेसे असे.

डब्यातला तयार ऑइलपेंट बाजारात आला, तसे चित्र बदलले. पॉलिश वरचेवर करावे लागते, त्याला कसबी हात लागतो. ऑइलपेंट मात्र कुणीही मारू शकतो, तो पुसता येतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. घरात लग्न निघाले की एक हात, दिवाळीला एक हात, वाटणीनंतर आपापल्या खोल्यांना आपापला रंग. यात कुणाची चूक म्हणता येणार नाही. पण दर वेळी जुना थर न काढता त्यावरच नवा चढत गेला. कोरीव वेलबुट्टीच्या खाचा भरल्या, गणेशपट्टीवरील नाकीडोळे पुसट झाले, कडी-कोयंडेही रंगात बुडाले.

आधी ओळखा : लाकडावर नेमके काय आहे?

लाकडावर असलेले प्रत्येक आवरण वेगळ्या पद्धतीने निघते. म्हणून रंग कसा काढायचा, याआधी तो कोणता आहे हा प्रश्न येतो. दाराच्या मागच्या बाजूला, बिजागरीजवळ किंवा नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा निवडून या साध्या चाचण्या करता येतात.

ओले फडके : चोळल्यावर रंग फडक्याला लागला, तर तो चुना, गेरू किंवा डिस्टेंपर असण्याची शक्यता आहे. तो पाण्यानेच मऊ होतो. त्यासाठी रसायनाची गरज नाही.

स्पिरिट : पॉलिशसाठी मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा मिनिटभर ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी-तांबूस रंग आला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. लाख ही पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून मिळते. ती स्पिरिटमध्ये विरघळते, मग तिला शंभर वर्षे झालेली असोत की दहा.

थिनर : स्पिरिटने काही झाले नाही, पण थिनरने चकाकी गेली आणि थर मऊ पडला, तर तो लॅकर असावा.

यातील कशानेच फरक पडला नाही आणि थर जाड, अपारदर्शक असेल, तर तो ऑइलपेंट. थर पारदर्शक आणि काचेसारखा कडक असेल, तर अलीकडचे मेलामाइन किंवा पीयू पॉलिश समजावे.

स्पिरिट आणि थिनर दोन्ही चटकन पेट घेतात. चाचणी करताना जवळ शेगडी, उदबत्ती किंवा समई नको.

वरचा थर ओळखला म्हणजे काम संपले, असेही नाही. महालातील दारावर वरून ऑइलपेंट आणि तळाशी लाख असू शकते. अशा वेळी वरचे थर निघाल्यावर थांबून पुन्हा चाचणी करावी. खाली जुने पॉलिश शाबूत असेल, तर लाकडापर्यंत खरवडत जाण्याची गरजच उरत नाही.

जुन्या रंगात धोका कसला?

शिशाचा. रंग लवकर वाळावा, दाट बसावा आणि टिकावा म्हणून रंगात शिशाची संयुगे वापरली जात. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, लोखंडावरच्या पहिल्या हातासाठी शेंदरी प्राइमर, भडक पिवळ्यासाठी लेड क्रोमेट. हिरवा रंगही अनेकदा याच पिवळ्यात निळा मिसळून तयार होई. म्हणजे जुन्या दारांवर हमखास सापडणारे पिवळे आणि हिरवे थर जास्त संशयास्पद ठरतात.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाबाबतचे नियम २०१६मध्ये आले. त्यानुसार १ नोव्हेंबर २०१७पासून अशा रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. अमेरिकेने घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८मध्येच बंदी घातली होती. त्यामुळे आपल्याकडे २०१७पूर्वीचा ऑइलपेंट असेल, तर त्यात शिसे आहे असे धरूनच काम करणे शहाणपणाचे. खात्री हवी असेल, तर सर्व थरांसह रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेता येतो.

भिंतीवर किंवा दारावर घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. तो घासला, खरवडला किंवा जाळला की त्रास सुरू होतो. कोरड्या घासकामातून पिठासारखी धूळ उडते. ती फरशीवर, अंथरुणावर, खेळण्यांवर बसते. रांगणारे मूल हात तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत शिसे जास्त शोषून घेते. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर, शिकण्याच्या आणि लक्ष देण्याच्या क्षमतेवर होतो आणि ते नुकसान भरून निघत नाही. गर्भवतीच्या शरीरातून ते बाळापर्यंत पोहोचते. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेच्या २०२०मधील अहवालानुसार, जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे साधारण दर तिघांतील एकाच्या रक्तात काळजी वाटावी इतके शिसे आहे. त्यामागे जुन्या बॅटऱ्यांपासून भांड्यांपर्यंत अनेक कारणे आहेत. रंग हे त्यातील एक. पण घरातल्या घरात टाळता येण्यासारखे कारण आहे, म्हणून त्याकडे आधी लक्ष द्यायला हवे.

रंग काढण्याच्या पद्धती कोणत्या? कुठे काय बिघडते?

१) घासण्याचे मशीन : सर्वात वेगवान आणि म्हणूनच सर्वात मागणी असलेली पद्धत. शिशाची धूळही सर्वात जास्त यातूनच उडते. शिवाय मशीनला वेलबुट्टी आणि रंग यांतला फरक कळत नाही. उंचवटे घासले जातात, खाचांतला रंग तसाच राहतो. सपाट फळीवर, तेही धूळ ओढून घेणारी यंत्रणा जोडलेली असेल तरच मशीन चालते. कोरीव कामावर ते लावूच नये.

२) कॉस्टिक सोडा : स्वस्त आणि ‘एका धुण्यात साफ’ म्हणून लोकप्रिय. ऑइलपेंट हा मुळात तेलापासून बनतो. तीव्र अल्कलीशी गाठ पडली की त्या तेलाचा साबण होतो आणि रंग सुटतो. साबण बनवण्याच्या कारखान्यातही हीच क्रिया घडते. पण सोडा रंगापाशी थांबत नाही. तो लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणाऱ्या घटकांवरही हल्ला करतो. साग काळपट पडतो, पृष्ठभाग केसाळ होतो, सरसाचे सांधे सुटतात. आत मुरलेला सोडा पूर्ण धुतला गेला नाही, तर नवे पॉलिश काही महिन्यांत उडते. डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. लोखंडी कडी-कोयंड्यांसाठी तो एक वेळ चालेल, सागवानी दारासाठी नाही.

३) पेंट रिमूव्हर : जेलसारखे रसायन लावून थर फुगवायचा आणि अलगद उचलायचा. धूळ उडत नाही, म्हणून कोरीव कामाला ही पद्धत बरी. मात्र डब्यावर ‘मिथिलीन क्लोराइड’ किंवा ‘डायक्लोरोमिथेन’ लिहिले आहे का, ते पाहा. याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद खोलीत खाली साचून राहते. शरीरात गेल्यावर तिचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. बंद जागेत काम करताना यामुळे मृत्यू झाल्यावर अमेरिकेने २०१९मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी अशा रिमूव्हरच्या विक्रीवर बंदी आणली. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ मास्क या वाफेला अडवू शकत नाही. मिथिलीन क्लोराइड नसलेले रिमूव्हर सावकाश काम करतात. तेच घ्यावेत आणि काम उघड्या चौकात करावे.

४) हीट गन : गरम हवेने रंग मऊ करून पत्र्याने उचलायचा. रसायन नाही, धूळ कमी. पण तापमान हाताबाहेर गेले, तर शिशाची वाफ होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शिसेयुक्त रंगासाठी ११०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा घातली आहे. प्रत्यक्ष कामात त्याच्या बरेच खाली राहावे. रंगाला फुगे येऊ लागले की तेवढे तापमान पुरे. धूर निघाला, तर मर्यादा ओलांडली असे समजा. गॅसची ज्योत किंवा ब्लो लॅम्प अजिबात नको.

आगीची एवढी भीती कशासाठी?

महालला ती वेगळी सांगायला नको. काळ्या दगडात बांधलेला आणि कोरीव लाकूडकामाने मढवलेला भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४मध्ये आगीत जळून गेला. तिसऱ्या रघुजींचे १८५३मध्ये निधन झाले आणि पाठोपाठ इंग्रजांनी राज्य खालसा केले. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच ही आग लागली. ती कशी लागली हा इथला मुद्दा नाही. मोठ्या लाकडी वास्तूत आग लागली की कोरीव काम वाचत नाही, हा आहे.

जुन्या चौकटींच्या मागे पोकळ्या असतात. त्यात कोळ्यांची जाळी, वाळकी घरटी, लाकडाचा भुसा साचलेला असतो. समोरून दिलेली उष्णता फटीतून आत जाते आणि आतला कचरा धुमसत राहतो. काम थांबवून माणसे जेवायला गेल्यावर आग दिसते. म्हणून जागेवर बसवलेल्या चौकटीला हीट गन लावण्यापूर्वी फटी साफ कराव्यात, पाण्याची बादली जवळ ठेवावी आणि काम संपल्यावर किमान तासभर कुणीतरी तिथे थांबावे. दार निघत असेल, तर ते काढून चौकात आणूनच काम करावे.

मग काम कोणत्या क्रमाने करावे?

नागपूरसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. मे महिन्याच्या उन्हात रिमूव्हर काम करण्याआधीच वाळतो. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते.

सुरुवातीला सर्व बाजूंनी फोटो काढा. कडी, कोयंडा, पितळी फुले काढून त्यांना चिठ्ठ्या लावा. मुले आणि गर्भवती महिलांना काम पूर्ण होऊन सफाई होईपर्यंत दुसरीकडे ठेवा. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. चौकात विहीर, पाण्याची टाकी किंवा तुळशीवृंदावन असेल, तर ते झाका. महालातील गल्ल्या अरुंद आहेत, तेव्हा शेजारच्या खिडक्यांचाही विचार करावा लागतो.

मग कोपऱ्यातील छोट्या जागेवर प्रयोग करा. ठरलेल्या पद्धतीने एकेक थर उतरवा. सपाट भागावर बोथट पत्रा, खाचांत बांबूची किंवा लाकडाची टोकदार काडी आणि जुना टूथब्रश वापरा. तारेचा ब्रश सागावर ओरखडे पाडतो. पटाशी तर रंगाबरोबर नक्षीही उचलते. जे घासायचे ते वॉटर पेपरने, ओले ठेवून आणि रेषांच्या दिशेनेच घासा. लोखंडी खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणाने फिके होतात, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि नंतर स्वच्छ पाण्याने नीट पुसून घ्या.

सफाई कोरड्या झाडूने करू नका, त्याने धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. काम करणाऱ्यांनी हात-तोंड धुतल्याशिवाय खाऊ नये, खर्राही तोंडात टाकू नये. निघालेला रंग दुहेरी पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. रंग असलेले जुने लाकूड बंबात, चुलीत किंवा होळीत टाकू नका, कारण त्या धुरातही शिसे असते.

पाळणा, देव्हारा, आजोबांचा पाइप यांचे काय?

दारासाठी चालणारी पद्धत तोंडाला किंवा अन्नाला लागणाऱ्या वस्तूंसाठी चालत नाही. पाळणा, पोळपाट, लाकडी खेळणी, तंबाखूचा जुना लाकडी पाइप या वस्तूंवर पेंट रिमूव्हर किंवा कॉस्टिक सोडा वापरू नये. लाकूड ते शोषून घेते आणि नंतर ते वापरणाऱ्याच्या तोंडात जाऊ शकते.

पाइपचे उदाहरण घेऊ. चांगले पाइप सहसा ब्रायर नावाच्या भूमध्य सागरी झुडपाच्या मुळाजवळील गाठीपासून बनवतात. त्यावर रंगाचा हलका हात आणि मेण किंवा लाखेची चकाकी असते. स्पिरिटमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाने ती बाहेरूनच काढावी, मग बारीक वॉटर पेपर आणि शेवटी कार्नोबा मेण. कपाटात आठवण म्हणून ठेवायचा असेल, तर तेवढेही करू नये. हाताळून आलेली झळाळी हीच त्याची ओळख असते. पाळण्यावर मात्र जुना ऑइलपेंट असेल आणि त्यात बाळ झोपणार असेल, तर आधी शिशाची तपासणी करावी. मुले पाळण्याची कड चघळतात.

रंग निघाला, पुढे काय?

उघडे लाकूड तसेच ठेवू नये, त्यावर तेलाचे आणि हाताचे डाग लगेच बसतात. आतल्या दारांना, देव्हाऱ्याला लाखेचे पॉलिश शोभते आणि पुढे कधी बिघडले तर स्पिरिटने सहज दुरुस्त होते. पाऊस-ऊन लागणाऱ्या दर्शनी दाराला लाख टिकत नाही. तिथे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि दरवर्षी एक हात पुन्हा द्यावा.

जवसाच्या तेलाबाबत एक इशारा महत्त्वाचा. हे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलकट चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात पडला, तर ती उष्णता आतच साठते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळ्या जागेत पसरून वाळवा.

रंग कधी काढूच नये?

रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे सुटत नसतील आणि घरात लहान मुले असतील, तर वरून नवा शिसेमुक्त हात देणे हा सर्वात सुरक्षित मार्ग. खालचे शिसे बंद राहते. फक्त दार चौकटीला घासत असेल, तर तेवढी कड दुरुस्त करावी, कारण घासण्यातून धूळ पडत राहते.

लाकडावर मुळातच रंगीत नक्षी असण्याची शक्यता असेल, तरीही थांबावे. जुने लाकूड म्हणजे उघडेच असणार, हा समज खरा नाही. थर उतरवताना खाली फुले, वेल किंवा आकृत्या दिसल्या, तर काम बंद करून संवर्धनाच्या जाणकाराला दाखवावे. वास्तू शहराच्या वारसा यादीत असेल, तर हात लावण्यापूर्वी महापालिका आणि हेरिटेज समितीकडे विचारणा करावी.

पूर्ण रंग काढला तरी एका कोपऱ्यात बोटभर पट्टी सर्व थरांसह तशीच ठेवावी. कोणत्या काळात दाराला कोणता रंग होता, याची तीच एकमेव नोंद असते.

कारागिराला काय विचाराल?

- कोणते रसायन वापरणार? डबा दाखवाल का?
- कोरीव भागावर मशीन लावणार की हाताने काम करणार?
- कोपऱ्यात आधी नमुना करून दाखवाल का?
- धूळ आणि निघालेला रंग यांचे काय करणार?
- तुमच्या माणसांकडे योग्य मास्क आणि हातमोजे आहेत का?

शेवटचा प्रश्न टाळू नका. घरमालकाचे काम आठवडाभराचे असते, पॉलिशवाला मात्र वर्षभर याच धुळीत असतो आणि संध्याकाळी तेच कपडे घालून आपल्या मुलांकडे जातो. मास्क, हातमोजे आणि काही जादा दिवसांची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरली, तर दारही नीट होईल आणि त्याच्या घरी शिसे जाणार नाही.